पाठीमागचा टाळ

पोटच्या पोरीला हाक मारायला तोंड उघडावं आणि जिभेवर नावच येऊ नये, तसं दीपमालेचं त्या सकाळी झालं. पोर कागदावरची होती, एवढाच काय तो फरक.

भोकरदनला नदीच्या पुलाजवळ तिचं घर. शाळेतली नोकरी संपून दोन वर्षं झालेली, पण लिहिण्याचा नेम त्याच्याही आधीचा, अकरा वर्षांचा. सकाळी देवपूजा करायची, देव्हाऱ्यातला वडिलांचा टाळ कपाळाला लावायचा आणि मागच्या खोलीत लांब वही उघडून बसायचं. त्या नेमातून कादंबरीचे चार जाडजूड खंड निघाले. गोष्ट अशी, की आपल्या या मुलखात कोणे एके काळी समुद्र होता. एका शापानं तो आटला आणि त्याच्या काळ्याभोर तळावर सात राज्यं वसली. तिथं नांगराच्या फाळाला बुडालेल्या गलबतांच्या फळ्या लागतात, आणि उन्हाळ्यात रानाला भेगा पडल्या की खालून लाटांचा आवाज येतो. त्या कोरड्या मुलखात एक नावाडीण पाठीवर होडी घेऊन पाणी शोधत हिंडते. कुठकुठली पोरं त्या नावाडिणीची चित्रं काढून दीपमालेला पाठवायची.

पाचवा खंड शेवटचा. समुद्र परत येतो का, आणि आला तर नावाडिणीचं काय होतं, हे जगात एकट्या दीपमालेला ठाऊक होतं. शेवट लिहून होईपर्यंत कुणाला सांगायचा नाही, हा तिचा दुसरा नेम.

त्या सकाळी तिनं लिहिलं, 'होडी खाली ठेवून', आणि पेन थांबलं. होडी खाली ठेवून कोण? नावाडिणीच्या भुवईवरचा व्रण तिला दिसत होता. केस बांधताना ती सुंभाचा तुकडा दातात धरते, तेही दिसत होतं. नाव तेवढं नव्हतं. दीपमाला उठली, पहिला खंड काढला, पहिलं पान उघडलं. केळणा. खिडकीबाहेर जी नदी वाहते, तिचंच नाव आपण पोरीला दिलं होतं. अकरा वर्षं रोज पाहिलेलं पाणी.

महिन्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा एका किल्ल्याचं नाव गेलं, तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा सेनापतीचं गेलं, तेव्हा डोळ्यांचा चष्मा बदलला पाहिजे असं काहीतरी बोलून गेली. आज तिनं पेनाला टोपण लावून वही मिटली.

वय झालं की होतं असं, हे म्हणायला सोपं. पण दीपमालेच्या घरात ते म्हणायची चोरी होती.

तिचे वडील, घरचे दादा, म्हणजे सर्जेराव महाराज, पिंपळगाव रेणुकाईचे. शेती करून कीर्तनं करायचे. ते उभे राहिले की मांडीवर लेकरू झोपलेली बाई मुंग्या आल्या तरी पाय बदलायची नाही. चिमुरडी दीपमाला पुढच्या सतरंजीवर बसून ऐकायची. देव-दानवांची युद्धं, वनवास, शाप, उःशाप, सगळं तिनं आधी कानांनी पाहिलं; पुस्तकं फार पुढं आली.

आणि पंचवीस वर्षांपूर्वी, शेजारच्या तालुक्यातल्या एका सप्त्यात, आख्यान ऐन रंगात असताना महाराज थांबले. राजा वनवासाला निघालेला, राणी वेशीपर्यंत पोचवायला आलेली, आणि महाराज जे थांबले ते थांबलेच. हात वर, डोळे उघडे, ओठ हलताहेत, शब्द नाही. पाठीमागच्या टाळकऱ्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि विठ्ठलनामाचा गजर उचलला. मंडपात कुणीतरी म्हणालं, "भाव दाटला महाराजाला. समाधी लागली." बाया रडायला लागल्या. माणसं रांगेनं पाया पडली. दीपमालाही पडली.

तिथून पुढं समाधी लागणारे महाराज म्हणून गावोगावची बोलावणी वाढली. दोन वर्षांत सात-आठ वेळा ते तसेच उभे राहिले. दर वेळी गजर झाला, दर वेळी रांग लागली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ते स्वतःच्या विहिरीवर उभे राहून वाटसरूला विचारत होते, "बाबा, सर्जेरावाचं रान कोणतं?"

डॉक्टर म्हणाले होते, "हे फार आधीपासून सुरू असणार. इतके दिवस काय केलंत तुम्ही?"

काय सांगायचं? पाया पडत होतो, असं?

शेवटच्या वर्षी दादा लेकीकडं बघून हात जोडायचे आणि विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" तेव्हा दादांची साठी नुकतीच उलटली होती. दीपमालेला यंदा साठावं लागलं होतं.

तिनं पहिला खंड मिटला. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आणि त्यावर सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा अंगद बंगळुरात. कपाट उघडून बघणारं घरात कुणी नव्हतं. लपवणं किती सोपं आहे, हे कळल्यावर ती आणखी घाबरली.

दर गुरुवारी ती एस.टी.नं पिंपळगावला जायची, पुंजारामकाकांच्या ओट्यावर. काका दादांच्या मागे तीस वर्षं टाळ घेऊन उभे राहिलेले. धृपद धरायचे. म्हणजे कीर्तनकार चरण म्हणून पुढं निरूपणाला गेला की मागे ती ओळ जागती ठेवायची, तो चुकला तर हळूच पुरवायची. अक्षराशी काकांचं वैर, पण कान असा की ओळीत एक मात्रा सांडली तरी मान हलायची. नव्या प्रकरणाचा कच्चा मजकूर दीपमाला आधी त्यांना तोंडी सांगे. काका बिडी न पेटवता नुसती बोटांत धरून ऐकत आणि "मंग?" म्हणत. ज्या ठिकाणी "मंग?" यायचं थांबलं, तिथला मजकूर ती घरी जाऊन कापत असे. तिच्या लिहिण्याचं गुपित कुणी विचारलं, तर खरं गुपित हे होतं.

"तुझा तो राजा," काका एकदा म्हणाले होते, "दोन पुस्तकं झाली, जेवला न्हाई. त्याला खायाला कोण करतं?" दीपमालेनं पुढच्या खंडात राजाच्या मुदपाकखान्यातली एक म्हातारी आणली, आणि वाचकांनी सगळ्यात जास्त पत्रं त्या म्हातारीवर लिहिली.

त्या गुरुवारी तिनं युद्धाचं प्रकरण सांगितलं. कागद बघायची सवय नव्हती, आणि जिभेवर भरवसा उरला नव्हता, म्हणून सगळीकडं 'ती' म्हणत गेली. ती चालली, ती पडली, ती उठली. काका जागच्या जागी "मंग?" देत राहिले. शेवटी बिडी कानावर खोचून म्हणाले, "आज पोरीला नावानं कोणीच हाक मारली न्हाई."

"लढाईत कोण नावं घेतंय, काका."

काकांनी तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठून शेळीला पाणी दाखवायला गेले.

यांना कळलंय का? परतीच्या एस.टी.त तिला तेवढाच प्रश्न पुरला.

त्यातच सप्त्याचं बोलावणं आलं. रेणुकाईच्या देवळापुढं सप्ता बसला होता आणि कमिटीच्या कडूबाचा फोन आला. "बाई, पाचव्या दिवशी चार वाजता परवचनाचा टाईम तुमाला ठुलाय. तुमी लिहिता कसं, शिकल्या कुठून, पोरासोरांनी लिहायचं तं काय करायचं, ते सांगा. महाराजाची लेक म्हून लोक वाट पाहून राह्यले. न्हाई म्हनू नका."

दादांच्या गावात, दादांच्या मंडपात, माईकपुढं. नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला.

जायच्या दिवशी एस.टी.त बसल्या बसल्या तिनं पेन काढलं आणि डाव्या तळहातावर बारीक अक्षरांत सहा नावं लिहिली. सगळ्यात वर केळणा. पस्तीस वर्षं पोरांच्या हातांवर कॉपी शोधलेली बाई स्वतःच्या हातावर कॉपी लिहीत होती. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मंडप भरला होता. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी माणसं, मागे खांबाला टेकून शाळेची पोरं. वीणा खांद्यावर घेऊन पहारेकरी उभा. पाठीमागं टाळकऱ्यांची रांग, कारण तिचं संपलं की लगेच हरिपाठ होता. रांगेच्या मधोमध पुंजारामकाका. दीपमालेला बुक्का लावला, नारळ दिला. मग कडूबाची आई दुर्गाबाई देवळातून तांब्या-पळी घेऊन आली.

"घ्या बाई. आईचं तीर्थ."

दीपमालेनं डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पुढं केला. तीर्थ घेतलं, दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवले आणि डोळ्यांना, डोक्याला लावले. लहानपणापासून हात हे आपोआप करतात. मनाला विचारत नाहीत. खुर्चीवर बसल्यावर तिनं तळहात उघडला. निळा डाग. एकही अक्षर धड नव्हतं.

तीर्थाला काय दोष द्यायचा? तिनं मूठ मिटून पदराखाली घेतली.

प्रश्न विचारायला भोकरदनच्या कॉलेजातली ज्योत्स्ना होती. चारही खंड तिनं तीनतीनदा वाचलेले. "मॅडम, ही एवढी मोठी सृष्टी तुम्हाला सुचली कुठून? कोणाचा संस्कार म्हणायचा?"

हे उत्तर दीपमालेच्या हाडात होतं. "या मंडपाचा," ती म्हणाली. "कीर्तनकार एक ओळ घेतो आणि ती सोडून लांब निघतो. रानात जातो, राजवाड्यात जातो, लढाईत जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा वाट चुकला. आणि तासाभरानं तो पुन्हा त्याच ओळीवर येतो, तेव्हा ती ओळ पहिली राहिलेली नसते. माझे चार खंड म्हणजे तेवढंच आहे. ओळ सोडून लांब गेलेय, आणि परत यायचंय."

परत यायचंय, म्हणताना तिनं पदराखालची मूठ आणखी आवळली. कुणाला कळलं नाही.

"आणि नव्यानं लिहिणाऱ्यांना काय सांगाल?"

"राक्षस मोठा करू नका, घर लहान करा. लहान घरात मांजर शिरलं तरी माणूस घाबरतो. दुसरं, तुमच्या राजाला जेवू घाला." तिनं मागे पाहिलं. काका गालात हसले. "तिसरं, लिहिलेलं कुणाला तरी मोठ्यानं सांगा. जो तुमची स्तुती करणार नाही, असा माणूस शोधा. चौथं..."

चौथं काय होतं? काल रात्री चार मुद्दे घोकले होते. "चौथं तुम्हीच शोधा," ती म्हणाली. मंडप हसला.

तेवढ्यात दुर्गाबाई बसल्या जागेवरून बोलली. "माझी नात वाचून दाखवती मला. म्या म्हनलं, बाईलाच इचारावं. त्या पोरीचं शेवटी काय व्हतं? जगती का न्हाई, तेवढं सांगा."

"आजी, शेवट फुटला तर पुस्तक कोण घेईल?" ज्योत्स्ना म्हणाली.

"मला कुठं घ्यायचंय. माझी नात घेईन."

पुन्हा हशा झाला. दीपमालेला म्हातारीचं मन मोडवेना. "शेवट नाही सांगत, आजी. शेवटाच्या दारापर्यंत नेते." आणि ती सांगू लागली. आभाळ उतरलंय. भेगांमधून पहिल्यांदा पाणी वर येतंय. नावाडीण एकटी मधोमध उभी आहे, होडी पाठीवरून उतरवतेय. मंडप शांत झाला, पंखेसुद्धा मोठ्यानं वाजायला लागले. दादांच्या वेळी मंडप शांत व्हायचा तसा. त्या शांततेनंच दीपमालेला पुढं ओढलं आणि ती नको तिथं जाऊन पोचली. "सातही राज्यांची माणसं काठावर येतात. ज्यांनी तिला हाकललं होतं, ती सुद्धा. आणि सगळी मिळून तिला एकच हाक मारतात. नावानं. म्हणतात..."

विहिरीत बादली सोडावी, दोर संपत यावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये. व्रण होता, होडी होती, दातातला सुंभ होता. नाव नव्हतं. तिनं मूठ उघडली. निळा डाग.

किती वेळ गेला कोण जाणे. बायांतून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "महाराजासारखंच झालं बघा. लेकीला पन समाधी लागली."

मृदंगावर थाप पडली. वीणेकऱ्यानं नाम उचललं. माणसं टाळ्या द्यायला लागली. दुर्गाबाई डोळे पुसत उठली, पुढं आली आणि दीपमालेच्या पायांवर वाकली. तिच्यामागं दुसरी. मागे रांग धरायला लागली.

दीपमालेच्या उभ्या अंगात भीती शिरली. पण आता ती विसरण्याची नव्हती. कारण किती बरं वाटत होतं. काही करायचं नव्हतं, नुसते डोळे मिटायचे. लोक झाकून घेणार होते, तेही प्रेमानं, देवाचं नाव घेत. दहा मिनिटांत गजर थांबला असता, नारळ घेऊन ती घरी गेली असती, आणि कपाटाच्या दारावर आणखी एक कागद चिकटला असता. दादा याच दारातून आत गेले होते. परत आले नव्हते.

पायाला म्हाताऱ्या बोटांचा स्पर्श झाला तेव्हा तिनं मान वळवली.

रांगेच्या मधोमध पुंजारामकाका टाळ धरून उभे होते. एक हात इकडं, एक तिकडं. टाळ वाजवत नव्हते. बाजूचे टाळकरी त्यांच्याकडं बघत होते, कारण त्या रांगेत काकांच्या आधी कुणी टाळ मारत नाही. काका दीपमालेकडं बघत होते. पापणी हलत नव्हती. आणि त्यांच्या डोळ्यांतही भीती होती, तिच्याइतकीच.

दीपमाला पाय मागं घेऊन उठली. वाकून दुर्गाबाईला दंडाला धरून उठवलं. माईक जवळ ओढला.

"समाधी नाही ही," ती म्हणाली. गजरात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "थांबा. समाधी न्हाई लागली मला. मी विसरले."

मृदंग थांबला. एक टाळी उशिरा वाजली आणि लाजून गप्प झाली.

"पोरीचं नाव विसरले. आज पहिल्यांदा न्हाई, महिन्यापासून विसरून राह्यले. हातावर लिहून आणलं होतं, तेही पुसलं." तिनं तळहात वर करून दाखवला. "दादा पण विसरलेच होते. समाधी नव्हती ती. आपण पाया पडलो. मी पण पडले."

पुढच्या सतरंजीवरची एक बाई पदर तोंडाला लावून बसली. कडूबा खाली बघत होता. ज्योत्स्नानं हातातला कागद घडी करून मिटला. काही जण रागावलेही असतील. गावाची समाधी एका वाक्यात काढून घेतली होती तिनं. ती तशीच उभी राहिली, आणि पाठीमागून, कीर्तनकाराला हरवलेलं चरण पुरवतात तेवढ्याच हलक्या आवाजात, पुंजारामकाका म्हणाले, "केळणा."

"केळणा," दीपमाला म्हणाली. "सगळे म्हणतात, केळणा, परत ये. बास. दार आलं, आजी. पुढचं पुस्तकात."

हरिपाठ झाल्यावर काका देवळाच्या पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसले. टाळ अजून हातातच. बराच वेळ त्यांनी टाळाची दोरी उलगडली नि गुंडाळली.

"मला कळलं व्हतं," ते म्हणाले. "महाराजाचं. पहिल्याच दिशी."

दीपमालेनं त्यांच्याकडं पाहिलं.

"तीस वर्सं त्याच आख्यानाला उभा व्हतो मी. रानी वेशीपाशी काय म्हन्ते, मला पाठ. देता आलं असतं मागून. पर वाटलं, येवढा मोठा मानूस, चारचौघांत उघडा कसा पाडायचा? म्हून टाळ मारले. गजर म्याच उचलला, पोरी. लोक समाधी म्हनले, मला बरं वाटलं. झाकलं गेलं. मंग दुसऱ्या बारीला बी तेच केलं. दोन वर्सं."

"मला का सांगितलं नाही?"

"काय तोंडानं? गुरुवारी तू नाव टाळलं, तव्हा रातभर झोप न्हाई. म्हनलं, हिच्या बारीला टाळ न्हाई मारायचे. काय व्हायचं ते व्हवो."

पंचवीस वर्षांचा राग कुणावर काढायचा ते तिला ठरवता आलं नव्हतं. आता माणूस शेजारीच बसला होता, टाळाची दोरी गुंडाळत. तिनं त्याचा हात टाळासकट धरला. "पाया तर मी पण पडलेच की, काका."

सोमवारी सकाळी दोघं भोकरदनहून संभाजीनगरच्या बसमध्ये बसली. तिनं फोनवर सगळं सांगितल्यावर अंगदनं डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. तो तिकडून परस्पर दवाखान्यात येणार होता. काकांनी नवं धोतर नेसलं होतं. "डाक्टर काय मला तपासनार न्हाई," ते म्हणाले, "पर मानसानं नीट जावं."

"सुई बघून चक्कर आली तर तुम्हालाच तपासतील."

"येऊ दे. समाधी म्हून सांगू."

दीपमाला हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. डॉक्टर काय सांगतील? उरलंय किती? वर्ष, दोन, दहा, की नुसताच थकवा म्हणतील? बस पुलावर आली. खाली उन्हाळ्यातली नदी, मधोमध पाण्याची बारीक रेघ. तिनं श्वास रोखून वाट पाहिली. नाव आलं. आज आलं.

उद्याचं कोणी सांगावं?

"काका," ती म्हणाली, "शेवट सांगते तुम्हाला. सगळा."

"लिहून झाल्याबिगर सांगत न्हाईस ना तू?"

"आता सांगते. माझ्यापाशी नसला, तर तुमच्यापाशी असावा."

काकांनी डोक्यावरची टोपी नीट केली, जशी कीर्तनाला उभं राहताना करायचे. "सावकाश सांग. मी धरून चालतो."

आणि दीपमाला सांगू लागली. माणसं काठावर आली. हाक गेली. केळणानं वळून पाहिलं. ती एकेक वाक्य सांगे आणि काका ते ओठातल्या ओठात एकदा घोळवून पक्कं करत, मग म्हणत, "मंग?" बाहेर काळी रानं उन्हात मागे पळत होती. कंडक्टर तिकीट देऊन गेला तेवढ्यापुरती गोष्ट थांबली.

"तिनं होडी पाण्यावर ठेवली," दीपमाला म्हणाली. "आणि त्या होडीत..."

ती थांबली. खिडकीबाहेर बघत राहिली.

काकांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. हा गोष्टीतला थांबा होता की दुसरा, त्यांना ओळखता आलं नाही. त्यांनी "मंग?" म्हटलं नाही. मागचीच ओळ, हलक्या आवाजात, जशीच्या तशी म्हटली. "तिनं होडी पाण्यावर ठेवली. आनि त्या होडीत."

बस एका खड्ड्यात आदळली. दीपमालेनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"मंग," ती म्हणाली, आणि पुढं सांगू लागली.